चार पानांचा निबंध: आल्फ्रेड सोमर, 'अ' जीवनसत्त्व आणि संदर्भांचा हिशोब



आजचा विषय एका नेत्रतज्ज्ञाचे लेखन आणि त्या लेखनाचा पुढे झालेला परिणाम, असा आहे. काहींना प्रश्न पडला असेल की यात इतिहास कुठे आला? लढाई नाही, तह नाही, राजा नाही. पण मुलं किती जगली, किती दगावली आणि का, हाही इतिहासच आहे. किंबहुना बहुतेक घरांचा खरा इतिहास तोच असतो. आपल्या आजीच्या पिढीला विचारा. किती बाळंतपणं झाली हा एक आकडा असायचा आणि किती लेकरं हाती लागली हा दुसरा.

आम्ही ज्या निबंधाविषयी बोलणार आहोत तो १९८३ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. चारच पानांचा. लेखकही चार. आल्फ्रेड सोमर हे अमेरिकन नेत्रतज्ज्ञ आणि तारवोत्यो, हुसैनी, सुसांतो हे त्यांचे इंडोनेशियातले सहकारी. निबंधाचे म्हणणे थोडक्यात असे होते: ज्या लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे सौम्य नेत्रविकार आहे, ती मुले बाकीच्या मुलांच्या सरासरी चौपट प्रमाणात मरतात. सौम्य विकार म्हणजे काय, तर रातांधळेपणा किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर दिसणारे फेसाळ ठिपके. डॉक्टर त्यांना बिटोचे ठिपके म्हणतात. बोर्दोच्या पिएर बिटो यांनी १८६३ साली त्यांचे वर्णन केले होते.

आज हा निबंध पोषणशास्त्रातला पायाभूत निबंध मानला जातो. पण छापून आला तेव्हा त्याला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. हे असे का झाले आणि नंतर ते कशाने बदलले, हे आपल्याला आज पाहायचे आहे. त्यासाठी आधी 'परिणाम' या शब्दाकडे थोडे वळू या.

शोधनिबंधाचा परिणाम मोजायचा म्हणजे आज बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट करतात. पुढच्या किती निबंधांनी त्याचा संदर्भ दिला ते मोजतात. सायटेशन. या मोजणीची पद्धतशीर सुरुवात युजीन गारफील्ड यांनी केली. १९५५ साली 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी कल्पना मांडली आणि १९६४ साली फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध केला. कल्पना मात्र त्यांची एकट्याची नव्हती. ती त्यांनी वकिलांकडून घेतली होती. अमेरिकेत १८७३ पासून 'शेपर्ड' नावाची सूची निघत असे. एखादा जुना निकाल कोर्टात दाखवायचा असेल, तर वकील आधी या सूचीत बघायचा की पुढच्या कोणकोणत्या निकालांत त्याचा उल्लेख आला आहे.

आता इथे एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे. वकिलांच्या सूचीत नुसता उल्लेख नसे. उल्लेखापुढे एक खूण असे. पुढच्या न्यायालयाने तो निकाल मान्य केला, की बाजूला ठेवला, की पार रद्द ठरवला, हे त्या खुणेवरून कळायचे. विज्ञानाच्या सूचीत ही खूण आली नाही. तिथे फक्त उल्लेख आला. गारफील्ड यांचा मूळ हेतू चांगला होता. जुना निबंध वाचणाऱ्याला त्यावर पुढे कोणते आक्षेप आले हे सापडावे, असे त्यांना वाटत होते. पण खूण गळाली आणि आकडा तेवढा उरला. आणि आकडा उरला की माणसं काय करतात, तर बेरीज करतात.

हे बाजूला ठेवून आता सोमर यांच्याकडे येऊ.

सोमर यांचा जन्म १९४२ चा, न्यूयॉर्कचा. हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते अमेरिकेच्या साथरोग विभागातर्फे ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत गेले. त्या वेळचा पूर्व पाकिस्तान. नोव्हेंबर १९७० मध्ये तिथे भीषण चक्रीवादळ आले. त्यानंतर वाचलेल्या लोकांची पाहणी करणाऱ्यांत सोमर होते. कोण वाचले, कोण गेले, कोणत्या वयाचे, पुरुष किती, बायका किती, हे गावोगाव जाऊन मोजायचे. त्याच भागात त्यांनी आणखी एक काम केले. मुलांच्या दंडाचा घेर उंचीच्या तुलनेत मोजायचा आणि पुढच्या काळात त्यातली कोणती मुले दगावतात ते पाहायचे. हे काम १९७५ साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे बघा, नेत्रतज्ज्ञ होण्याआधी हा माणूस मृत्यू मोजायला शिकला होता. जॉन्स हॉपकिन्समध्ये डोळ्यांचे शिक्षण त्यांनी नंतर घेतले. हा क्रम महत्त्वाचा आहे. नुसता नेत्रतज्ज्ञ असता तर त्याने डोळे पाहिले असते. नुसता साथरोगतज्ज्ञ असता तर त्याने डोळे पाहिलेच नसते.

१९७६ ते १९७९ या काळात सोमर इंडोनेशियात होते. मुक्काम बांडुंगला. विषय होता मुलांचे अंधत्व. 'अ' जीवनसत्त्व फार कमी पडले की कॉर्निया, म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच, कोरडी पडते, मऊ होते आणि काही वेळा एक-दोन दिवसांत विरघळून जाते. मूल कायमचे आंधळे होते. हे का होते, किती मुलांना होते आणि कसे थांबवता येईल, एवढाच मूळ प्रश्न होता. मृत्यूचा प्रश्न त्यात नव्हता.

पश्चिम जावातल्या पुर्वाकार्ता भागातली सहा गावे निवडली. सहा वर्षांखालची मुले. दर तीन महिन्यांनी पथक गावात जाणार, प्रत्येक मुलाचे डोळे तपासणार, आजारपणाची नोंद करणार. असे अठरा महिने. प्रत्येक फेरीत सरासरी ३,४८१ मुलांची पुन्हा तपासणी झाली.

रातांधळेपणा कसा ओळखायचा? दोन-तीन वर्षांचे मूल काही सांगत नाही. पण आई सांगते. त्या भागात रातांधळेपणाला लोकभाषेत 'बुता आयाम' म्हणतात, शब्दशः 'कोंबडीचे आंधळेपण'. दिवेलागणीला कोंबडीला दिसत नाही, तसे. हे मूल संध्याकाळी धडपडते का, वाडगा चाचपडते का, कोपऱ्यात गप्प बसते का, हे आईला बरोबर माहीत असते. आपल्याकडेही रातांधळेपणा हा शब्द काही डॉक्टरांनी दिलेला नाही. १९८० साली सोमर आणि सहकाऱ्यांनी यावर स्वतंत्र निबंध लिहिला: आईला विचारलेला साधा प्रश्न हीच एक चांगली तपासणी आहे. आमच्या मते त्यांच्या साऱ्या लेखनातली ही एक मोठी गोष्ट आहे. मोठ्या यंत्राची गरज नाही. आईचा शब्द पुरावा म्हणून धरला, एवढेच.

अंधत्वाचे काम लिहून झाले. १९८२ साली त्याचे जाडजूड पुस्तकही निघाले. आणि त्या वर्षाच्या अखेरीस सोमर पुन्हा त्याच नोंदींकडे वळले. एका फेरीत रातांधळी म्हणून नोंदलेली मुले पुढच्या फेऱ्यांत कुठे गेली? काही बरी झाली होती. काही तशीच होती. आणि काही यादीतून गायब होती. गायब म्हणजे गाव सोडून गेलेली नव्हेत. मेलेली.

प्रमाण काढले तर सरासरी चौपट. काही वयोगटांत आठ ते बारा पट. आणि विकार जसजसा वाढत जातो, नुसता रातांधळेपणा, मग ठिपके, मग दोन्ही, तसतसा मृत्यूही पायरी-पायरीने वाढत जातो. ही मुले मुळातच कुपोषित असतील म्हणून मेली असतील, ही शंका अगदी साहजिक आहे. तिचा हिशोब केला, तरी फरक उरलाच. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या निबंधात दिसले की अशा मुलांना श्वसनाचे विकार आणि जुलाब यांचा धोकाही जास्त होता. म्हणजे डोळा हा फक्त खिडकी होता. आत शरीरभर काहीतरी ढासळत होते. डोळ्यात ते आधी दिसत होते, इतकेच.

मग जगाने हे लगेच का मानले नाही?

एक कारण शास्त्रीय होते आणि ते योग्यच होते. हा पाहणीचा निबंध होता, प्रयोगाचा नव्हता. रातांधळे मूल गरीब घरचे असते, त्याचे पाणी घाण असते, त्याला जंत असतात, गोवर होऊन गेलेला असतो. आजारपणातही 'अ' जीवनसत्त्व खर्च होते. तेव्हा कमतरतेमुळे आजार, की आजारामुळे कमतरता? चार पानांतून याचा निकाल लागणार नव्हता.

दुसरे कारण जरा मानवी होते. नेत्रतज्ज्ञ मृत्यूविषयी बोलतोय. बालरोगाचे तज्ज्ञ वेगळे, पोषणाचे वेगळे, साथींचे वेगळे. आणि उपाय काय, तर दोन पैशांची कॅप्सूल. इतक्या स्वस्तात मृत्यू टळतात यावर विश्वास ठेवणे अनुभवी माणसांना जड गेले. त्यांनी आयुष्यभर बरेच चमत्कार येताना आणि जाताना पाहिले होते, हेही खरे.

पण आम्हाला या जागी एक तिसरी गोष्ट सांगायची आहे. हा शोध खरे तर नवीन नव्हता.

१९०४ च्या सुमारास जपानमध्ये मोरी नावाच्या डॉक्टरांनी डोळे कोरडे पडलेल्या शेकडो मुलांचे वर्णन केले होते. त्यांना माशाच्या यकृताच्या तेलाने गुण येतो, असे त्यांनी नोंदवले होते. जीवनसत्त्व हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. पहिल्या महायुद्धात डेन्मार्क आपले लोणी परदेशात विकत होता आणि गरिबांची मुले मार्गारिन आणि साय काढलेल्या दुधावर वाढत होती. कोपनहेगनच्या कार्ल ब्लोख यांनी पाहिले की ही मुले आंधळी होतातच, शिवाय संसर्गाने मरतातही. निर्यात थांबली, लोणी देशातच राहिले आणि रुग्ण कमी झाले. १९२८ साली इंग्लंडमध्ये ग्रीन आणि मेलनबी यांनी 'अ' जीवनसत्त्वाला संसर्गविरोधी पदार्थ म्हटले.

आणि १९३२ साली लंडनमध्ये एलिसन नावाच्या डॉक्टरांनी गोवर झालेली ६०० मुले घेतली. ३०० जणांना 'अ' जीवनसत्त्वाचा भरपूर पुरवठा केला, ३०० जणांना नाही. जीवनसत्त्व मिळालेल्यांत ११ मुले गेली. न मिळालेल्यांत २६. निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये, म्हणजे कुठल्या आडगावच्या पत्रकात नव्हे, नामांकित नियतकालिकात छापून आला.

मग काय झालं? काही नाही. पुढे सल्फा औषधे आली, पेनिसिलिन आले, सगळ्यांचे डोळे तिकडे लागले. युरोपातल्या मुलांचा आहार सुधारला, तिथला प्रश्न आपोआप मिटला. जिथे प्रश्न मिटला नव्हता, तिथले लोक ते नियतकालिक वाचत नव्हते, आणि जे वाचत होते त्यांची मुले मरत नव्हती. एलिसन यांचा निबंध जवळजवळ पन्नास वर्षे कपाटात राहिला. संदर्भ न मिळालेल्या निबंधाची किंमत काय असते, ते यावरून समजते. पन्नास वर्षांत गोवराने गेलेल्या मुलांत ती किंमत मोजावी लागते, आणि अशी मोजणी कुठल्याच सूचीत होत नाही.

सोमर यांच्या निबंधाचेही तसेच होऊ शकले असते. झाले नाही, कारण आक्षेप आले तेव्हा ते वाद घालत बसले नाहीत. प्रयोगाला लागले. सुमात्राच्या उत्तर टोकाला आचे प्रांतात ४५० गावे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटातल्या मुलांना सहा महिन्यांच्या अंतराने दोन लाख युनिटची कॅप्सूल, दुसऱ्या गटाला अभ्यास संपल्यावर. जवळपास २६,००० मुले. वर्षभरात पहिल्या गटात हजारी ४.९ मृत्यू, दुसऱ्या गटात ७.३. म्हणजे सुमारे एक तृतीयांश मृत्यू कमी. हा निबंध १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आला.

आता मात्र गप्प बसणे शक्य नव्हते. टीका सुरू झाली आणि जोरात झाली. प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल, दुसऱ्या गटाला का दिली नाही? पथकाला कोण कोणत्या गटात आहे हे माहीत होते, मग नोंदी निःपक्ष कशा मानायच्या? प्रश्न रास्त होते. त्यांची उत्तरे सोमर यांनी देऊन भागणार नव्हते. ती दुसऱ्यांनीच द्यायला हवी होती.

आणि ती दिली. त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे.

१९९० साली भारतातून दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एक मदुराईच्या अरविंद रुग्णालयाशी जोडलेल्या गटाचा, लक्ष्मी रहमतुल्ला आणि सहकाऱ्यांचा. तामिळनाडूच्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यातली १५,४१९ मुले. इथे सहामाही मोठा डोस नव्हता. दर आठवड्याला थोडी मात्रा, साधारण आहारातून मिळावी तेवढी. दुसऱ्या गटालाही दर आठवड्याला भेट आणि तशीच दिसणारी मात्रा, पण 'अ' जीवनसत्त्वाविना. आचेच्या अभ्यासावरचे दोन्ही आक्षेप इथे लागू नव्हते. निकाल आला: मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी.

दुसरा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा, विजयराघवन आणि सहकाऱ्यांचा. १५,७७५ मुले, सहा महिन्यांनी मोठा डोस. निकाल: मृत्यूंत दखल घेण्याजोगा फरक नाही.

आता मघाची खूण आठवा. या दोन्ही अभ्यासांचा मूळ धागा सोमर यांच्या निबंधांपर्यंत जातो. एक म्हणतो, सोमर बरोबर. दुसरा म्हणतो, आम्हाला तसे दिसले नाही. वकिलाच्या सूचीत एकापुढे मान्यतेची खूण आली असती, दुसऱ्यापुढे मतभेदाची. संदर्भांच्या सूचीत मात्र दोन्ही उल्लेख सारखेच. हाही एक, तोही एक. बेरीज दोन.

पण विज्ञान त्या बेरजेवर चालले नाही, हे महत्त्वाचे. लोकांनी विचारले, दोन अभ्यास वेगळे का निघाले? एक स्पष्टीकरण असे मांडले गेले की आरोग्यसेवक दारात वारंवार येऊ लागला की त्यानेच मृत्यू कमी होतात, मग डोसाचा वेगळा परिणाम दिसेनासा होतो. म्हणून आणखी अभ्यास झाले. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात ३० टक्के घट, तिथल्याच डोंगराळ जुमला भागात २६ टक्के, घानात १९ टक्के. सुदानमध्ये काहीच घट नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये गोवराच्या गंभीर रुग्णांवर प्रयोग झाला. १८९ मुलांपैकी १२ दगावली आणि त्यातली १० प्लासिबो गटातली होती. एलिसन यांचे १९३२ चे आकडे आता लोकांनी पुन्हा काढून वाचले.

१९९३ साली टोरंटोच्या जॉर्ज बीटन यांच्या गटाने हे सगळे अभ्यास, हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे, एकत्र तोलले. निष्कर्ष: सहा महिने ते पाच वर्षे या वयात मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतात. चौपट, निम्मे, शून्य अशा आकड्यांतून एक सावध आकडा निघाला. १९८३ ते १९९३, दहा वर्षे. सोमर यांना १९९७ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

इथे भारतापुरती एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सोमर इंडोनेशियात पोचण्याआधीच, १९७० साली सुरू झाला होता. तो हैदराबादच्या संस्थेच्या कामावर आधारलेला होता. हेतू मात्र अंधत्व टाळणे हा होता. सोमर यांच्या निबंधाने औषध बदलले नाही. औषध कशासाठी द्यायचे ते बदलले. आज अंगणवाडीत किंवा लसीकरणाच्या दिवशी बाळाला बाटलीबरोबर आलेल्या चमच्याने ते पिवळसर औषध पाजतात. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर पहिला डोस, मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. पाजणारी ताई सोमर यांचा संदर्भ देत नाही. तिचा चमचा कुठल्याच सूचीत मोजला जात नाही.

गोष्ट इथे संपवली असती तर छान झाले असते. पण इतिहास छान संपत नाही.

१९९९ ते २००४ या काळात उत्तर प्रदेशातल्या ७२ विकासगटांत एक प्रचंड अभ्यास झाला. मुले किती, तर सुमारे दहा लाख. लखनौच्या शैली अवस्थी आणि ऑक्सफर्डचे रिचर्ड पीटो यांनी तो चालवला. निकाल २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. मृत्यूंत घट फक्त ४ टक्के, तीही योगायोगाने येऊ शकेल इतकी. सोमर आणि इतरांनी आक्षेप घेतला: डोस खरोखर पोचले का? इतक्या मोठ्या पसाऱ्यात नोंदी नीट झाल्या का? दुसऱ्या बाजूने उत्तर आले: सरकारी कार्यक्रम प्रत्यक्षात असाच तर राबवला जाणार. जुने-नवे सगळे एकत्र केल्यावर घट ११ टक्क्यांवर आली. २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात ती १२ टक्के निघाली.

मग सोमर चुकले का? आम्हाला तसे वाटत नाही. १९८० च्या दशकातले आचे आणि २००० नंतरचा भारत यांत फरक आहे. गोवराची लस पोचली, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी पोचले, रातांधळेपणा कमी झाला. ज्या आजारांतून ती कमतरता मारत होती, ते आजारच मागे हटले, की डोसाचा फायदाही कमी दिसणार. आणि डॉ. सी. गोपालन यांच्यासारखे आपले ज्येष्ठ पोषणतज्ज्ञ आधीपासून सांगत होते की बाटलीवर किती दिवस काढणार? हिरवा पाला, पपई, दूध, अंडं ताटात आलं पाहिजे. हा वाद मिटलेला नाही, आणि आमच्या मते तो मिटवण्याची घाईही करू नये. सरासरी खाली आली म्हणून ज्या पाड्यावर आजही मूल संध्याकाळी चाचपडत असेल, तिथली बाटली काढून घेणे चुकीचे. आणि बाटली पोचली म्हणून ताटाकडे न बघणे, तेही चुकीचेच.

आता हिशोबाकडे परत येतो. आमच्यापैकी जे महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आहेत त्यांना हे जवळचे आहे. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी निबंधांना गुण लावले. गुण लागले तसे निबंध वाढले आणि निबंधांबरोबर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही वाढली. ती चाळून काढण्यासाठी मग मान्य नियतकालिकांची यादी करावी लागली, आणि त्या यादीचा कक्ष आपल्या पुण्याच्या विद्यापीठात होता. २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक काढला. आता संशोधकाची सारी हयात एका अंकात मावते. नोकरीच्या मुलाखतीत तो अंक विचारतात. निबंध कशाबद्दल आहे हे विचारायला वेळ राहत नाही.

संदर्भ मोजूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. एलिसन यांचा निबंध पन्नास वर्षे कुणी हाती घेतला नाही, हेही आपल्याला संदर्भ शोधूनच कळते. पण संदर्भांची संख्या सांगते ती एवढेच, की लोकांचे लक्ष गेले. लक्ष का गेले, पटले म्हणून की खटकले म्हणून, हे ती सांगत नाही. १९८३ च्या चार पानांचे भाग्य असे की ती खटकली, आणि खटकलेल्या माणसांनी खुर्चीत बसून नाके मुरडली नाहीत. ते तामिळनाडूतल्या, आंध्रातल्या, नेपाळातल्या, घानातल्या गावांत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. त्या निबंधाचा खरा परिणाम तो. कुणीतरी दुसऱ्याने, आपण चुकीचे ठरू शकतो हे माहीत असूनही, पुन्हा मोजणे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला सांगेल की अमुक निबंधाला इतके हजार संदर्भ आहेत, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. त्यातल्या किती जणांनी ते काम स्वतः करून पाहिले? आणि पाहिल्यावर ते काय म्हणाले? उत्तर शोधायला वेळ लागेल, निबंध उघडून वाचावे लागतील. पण वकील मंडळी शंभर-दीडशे वर्षे हे करत आली आहेत. आपल्याला जमायला हरकत नाही.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः आक्षेप असतील तर आधी विचारा.